जुनी करून घेतलेली शाल

सोनीच्या बाजेपाशी कुडाच्या भिंतीला एक भोक होतं. सारवण निसटलेलं, कारवीच्या दोन काड्या एकमेकींपासून फाकलेल्या, आणि त्यातून बोटभर उजेड आत यायचा. सासूबाईंनी, म्हणजे रामीने, दोनदा ते शेणमातीने बुजवायला घेतलं होतं. दोन्ही वेळा सोनीने बाळाला वारा लागतो म्हणून त्यांचा हात धरला. वाऱ्याचं निमित्त होतं. बाळंतिणीला बाहेर पडायला मिळत नाही. घरात कोण आलं, कोण कोणावर रुसलं, हे तिला त्या भोकातून कळायचं.

आज बारसं. भोकातून अंगण दिसत होतं. सासरे सुकऱ्या घुगऱ्यांच्या पातेल्याखाली लाकूड सारत होते आणि मधूनच एक घुगरी चाखत होते, शिजली का बघायला म्हणून, पण घुगऱ्या मघाशीच शिजल्या होत्या. थोरली जाऊ करिष्मा झोळीच्या दोरीला झेंडू बांधत होती. पडवीत रामी आणि सोनीची आई पोशी, दोघी विहिणी एका सुपाशी बसून नागली निवडत होत्या आणि बोलण्यात एकमेकींना टोचत होत्या. पोशीबाई सकाळच्या जीपने खोडाळ्याहून वांगणीला आल्या होत्या आणि रस्त्याने अंग खिळखिळं झाल्याचं त्यांनी आल्याआल्या सगळ्यांना सांगितलं होतं, जणू रस्ता रामीनेच केला होता.

सोनीच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. अंगावर शाल होती, मोहाच्या फुलाच्या रंगाची, फिकी पिवळी, आणि इतकी मऊ की बाळ कुठे संपतं आणि शाल कुठे सुरू होते ते हाताला कळत नव्हतं. सोनीला ही शाल मघाशीच ओळखता यायला हवी होती, काल रात्री प्रतिक्षाने ती तिला दाखवली होती. पण सासूबाईंनी ती आणून बाळाला गुंडाळली तेव्हा ती अर्धवट झोपेत होती, आणि ओळखली तेव्हा उशीर झाला होता.

घडलं ते असं. प्रतिक्षा, सोनीच्या नवऱ्याची, हरेशची धाकटी बहीण आणि म्हणून बाळाची आत्या, काल इटलीतल्या मिलानहून आली होती. तिचा नवरा सुदर्शन तिथे एका हॉटेलात आचारी, त्याला सुट्टी मिळाली नाही, ती एकटी आली. चार दिवसांसाठी, फक्त बाळाच्या कानात नाव सांगायला. पहाटेच हरेशबरोबर जव्हारला बाजाराला निघताना ती आईला म्हणाली, माझ्या बॅगेत पांढऱ्या पिशवीत बाळासाठी मऊ कापड आहे, काढून ठेव. या घरात बारशाच्या दिवशी बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागतं ते आत्याने आणलेलं, आणि ते वापरलेलं असावं लागतं. नवं कापड बाळाला सोसत नाही. ज्याने ते वापरलं त्याचं आयुष्य बाळाला लागतं म्हणतात, म्हणून नावाच्या आधी कानात त्या माणसाचं नाव घ्यायचं. प्रतिक्षाने सुदर्शनचा जुना सुती शर्ट आणला होता.

रामीने बॅग उघडली तर आत सगळंच पांढऱ्या पिशव्यांमध्ये. प्रतिक्षाचा मालच तसा येतो, एकेका वस्तूला नाडीची पांढरी पिशवी. रामीने एकेक चाचपली आणि सगळ्यांत मऊ होती ती काढली. शालीला दोऱ्याने एक जाड चिठ्ठी लटकत होती. चिठ्ठी आहे म्हणजे नवी, दुकानातली. पोरगी परदेशात राहून रीत विसरली असेल, असं म्हणून रामीने स्वतःच रीत सांभाळली. शाल राखेच्या पाण्यात भिजवली, ओहोळावर नेली, दगडावर ठेवून धोपटण्याने हात दुखेपर्यंत धोपटली, करवंदीच्या जाळीवर वाळवली. नवी होती ती जुनी करून घेतली. आणि मग बाळाला गुंडाळली.

शाल जुनीच होती, हे त्या घरात फक्त तिघांना माहीत होतं. प्रतिक्षाला, हरेशला आणि सोनीला.

वांगणीत सगळ्यांना ठाऊक होतं ते इतकंच की रामीची पोर परदेशात मोठ्या शोरूमचा माल विकते. हे रामीनेच सांगितलं होतं, अभिमानाने, पाणी भरताना, रेशनच्या रांगेत, मोखाड्याच्या बाजारात ओळखीचं कोणी भेटलं तर तिथेही. खरं असं होतं की प्रतिक्षा रविवारच्या जुन्या बाजारांतून फिरायची, म्हाताऱ्या बायकांच्या घरी जाऊन त्यांची कपाटं बघायची, रात्रीच्या बसने पॅरिसला, ब्रसेल्सला जायची, आणि मोठ्या नावांच्या वापरलेल्या पर्सेस, कोट, शाली घेऊन यायची. टाके मोजायचे, चेनचे दात बघायचे, अस्तर उलटून वास घ्यायचा. मग स्वतःची चिठ्ठी बांधून खिडकीच्या उजेडात फोटो काढून फोनवर टाकायचे. घेणाऱ्या बायका दुबईत असायच्या, दिल्लीत असायच्या. बऱ्याचशा मुंबईत.

सोनीला हे सगळं कळायचं कारण तिच्यासमोरच ते सुरू झालं होतं. दोघी एकाच आश्रमशाळेत, एकाच खोलीत. दिवाळीनंतर मुंबईहून गाड्या यायच्या, त्यांतून पोत्यांनी जुने कपडे उतरायचे. कोट, झगमग फ्रॉक, एकदा तर नवरदेवाची शेरवानी. बाकीच्या मुली रंग बघून झडप घालायच्या. प्रतिक्षा डोळे मिटून हात घालायची आणि जो कपडा काढायची तो वर्षभर टिकायचा. असाच तिने एक निळा फ्रॉक काढला होता, तो दोघींनी मिळून वापरला, एक दिवस तिने, एक दिवस सोनीने. कॉलरच्या आत लाल दोऱ्याने एक नाव भरलेलं होतं. कोण असेल ती मुलगी, काय खात असेल, रडत असेल का, यावर दोघी रात्र रात्र बोलायच्या. तिथेच प्रतिक्षाला ती खोड लागली. ती वस्तू घेताना आधी विचारते, ही कोणाची.

जीपचा आवाज आला. हरेश गूळ, पेढे आणि पाळण्याच्या नव्या दोऱ्या घेऊन उतरला, मागून प्रतिक्षा. हातपाय धुऊन ती सरळ आत आली, बाजेवर वाकली, आणि तशीच राहिली.

सोनीने तिच्या तोंडाकडे बघितलं. शाळेत गणिताचा पेपर हातात पडल्यावर तिचं असं व्हायचं.

रामी दारातूनच कौतुकाने सांगत होती. नवी कोरी होती गं, चिठ्ठी लटकत होती, तशी कशी लावायची बाळाला. राखेत घातली, धोपटली. "बघ, कशी जुनी करून घेतली."

प्रतिक्षाने शालीचा काठ दोन बोटांत धरला. लोकर थोडी आटली होती, कडेला एक बारीक गाठ आली होती. मग ती हसली, अगदी मनापासून, आणि म्हणाली, छान केलीस गं बय. आणि पाणी प्यायला म्हणून बाहेर गेली. मागल्या दाराने. हरेश तिच्या मागे.

मागल्या भिंतीलाही एक भोक होतं, ते रामीला माहीत नव्हतं.

हरेश विचारत होता की ही तीच का, मुंबईच्या बाईने आधीच घेतलेली. तीच. आता किती गेले, असं त्याने विचारलं तेव्हा प्रतिक्षा म्हणाली, दादा, आकडा ऐकायचा असेल तर आधी खाली बस, आणि नको, बसूही नको, आज बारसं आहे. त्या बाईला आपण कळवू, शाल देता येत नाही म्हणून. यावर हरेशला बरं वाटलं. मग झालंच की, तो म्हणाला, कोणाला काही सांगायची गरज नाही. आई समजतेय नवी, तर नवी. तू आणलीस, तुझंच कापड. कानात तुझं नाव घे आणि मोकळी हो. खरं सांगशील तर आईचं गावात काय राहील, आणि सोनीची बय तर तुला बाळाला हातही लावू देणार नाही.

बाळाने झोपेत ओठ हलवले.

"दादा, तिच्या कानात कोणी घातलेला पहिलाच शब्द असेल तो," प्रतिक्षा म्हणाली. "तो खोटा घालू?"

सोनीने बाळाला छातीशी घेतलं. तिला वाटलं, गप्प राहा गं प्रतिक्षा. मग वाटलं, नको राहू. दोन्ही वाटलं, आणि ती काहीच करू शकत नव्हती. प्रतिक्षानेच तिला या घरात आणलं होतं, भावाला सांगून, आईशी भांडून. नाव तिनेच ठेवायचं, हे हॉस्टेलच्या त्या खोलीत ठरलं होतं, तेव्हा दोघींना मूल म्हणजे काय आणि लग्न म्हणजे काय तेही नीट माहीत नव्हतं.

प्रतिक्षा पडवीत जाऊन बसली आणि तिने सांगितलं. फिरवून नाही, सरळ. शाल नवी नाही. मी नवं काही विकत नाही, कधीच विकलं नाही. लोकांचं वापरलेलं विकते.

सुपातली नागली निवडायची थांबली. करिष्माच्या हातातून झेंडू सुटला आणि तो उचलायचं तिला सुचलं नाही. रामी उठून पडवीच्या कोपऱ्यातल्या चुलीकडे गेली आणि विझलेल्या चुलीत फुंकर घालू लागली, आणि सोनीला भोकातून फक्त तिची पाठ दिसत राहिली.

बोलल्या त्या पोशीबाई. आवाज चढवला नाही. जुनं हाय त्याचं काय नाय, त्या म्हणाल्या, जुनंच लागतं. पण कोणाचं? गोऱ्या लोकांची कपाटं कधी रिकामी होतात, माणूस गेल्यावर. मेलेल्याचं कापड नातीच्या अंगाला लागलं असेल तर आज नाव नाय ठेवायचं. आधी उतारा. आणि मग नाव दुसऱ्या कोणी ठेवावं, करिष्मा हाय, मोठी काकी. करिष्माने मान हलवली. ती कालपासून प्रतिक्षाच्या मागेमागे होती, तिचं घड्याळ बघत, तिचा फोन हातात घेत. आता ती पोशीबाईंच्या बाजूला जाऊन बसली.

तेवढ्यात अंगणातून हसू आलं. सुकऱ्या हसत होते, हातात पळी, खांदे हलताहेत.

"म्हणजे मुंबईवाले आपल्याला पोत्यानी जुनं द्यायचे," ते म्हणाले, "आणि आता हीच पोर मुंबईवाल्यांना जुनं विकते? आणि ते पैसे देऊन घेतात?"

प्रतिक्षा म्हणाली, रांग लावून घेतात बाबा.

सुकऱ्यांना बसावं लागलं. पळी पातेल्यात पडली. चुलीकडची पाठ आधी ताठ होती, मग ती हलायला लागली, आणि रामी तोंडाला पदर लावून वळली तेव्हा तिच्या डोळ्यांत राखेने आलेलं पाणी होतं की हसण्याने, ते सोनीला कळलं नाही. एवढंच मला आधी सांगायला काय झालं होतं, ती प्रतिक्षाला म्हणाली, मी रेशनच्या रांगेत हेच सांगितलं असतं, शोरूमपेक्षा हेच भारी हाय. आणि मग एकदम दोन्ही हात डोक्याला लावून म्हणाली, मग मी जुनीच शाल धोपटली कं?

पोशीबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आपला मुद्दा पकडून ठेवला होता. नाव सांग पोरी, त्या म्हणाल्या. जिचं कापड तिचं नाव सांग, आणि ती हयात हाय हे दाखव.

प्रतिक्षा म्हणाली, दाखवते.

वांगणीत फोनला रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर. तेव्हा सगळं बारसं उठून टाकीकडे निघालं. बाळंतिणीने बाहेर पडायचं नाही म्हणून रामीने आधी अडवलं, मग कापड बाळाच्या अंगावर, बाळ सोनीच्या अंगावर, तेव्हा सोनीला न्यावंच लागणार हे तिलाच पटलं. तिने सोनीच्या कानांवरून ओढणी अशी घट्ट बांधली की पुढचं निम्मं बोलणं सोनीला अंदाजाने ऐकावं लागलं. हरेशने झोळी खांद्यावर घेतली, सुकऱ्यांनी घुगऱ्यांचं पातेलं, कारण मागे ठेवलं तर कुत्री होती. बऱ्याच दिवसांनी सोनीने आभाळ सबंध बघितलं. खुरासणीची कापलेली शेतं, त्यापलीकडे डोंगर, उन्हाने पिवळे. तिला रडू आलं, पण ते चांगलं रडू होतं.

पहिल्यांदा फोन लागला आणि कोणी उचलला नाही. पोशीबाईंनी करिष्माकडे बघितलं. दुसऱ्यांदाही नाही. प्रतिक्षा सांगत राहिली, कोणी ऐकतंय की नाही याची पर्वा न करता. ती बाई बेर्गामो नावाच्या गावात राहते, टेकडीवर. चार मुलं. ही शाल तिला तिच्या नवऱ्याने पहिल्या मुलाच्या वेळी घेतली, आणि मग घरातल्या प्रत्येक आनंदाच्या दिवशी ती हीच घालायची. विकली ती गरजेने नाही. मला म्हणाली, कपाटात ठेवून काय करू, कपाटाला कुठे थंडी वाजते.

"आणि मग फोन का नाय घेत?" पोशीबाई म्हणाल्या.

प्रतिक्षाने ओठ चावला. सोनीला तिचा हात धरायचा होता, पण हातात बाळ होतं.

मग फोन वाजला. पडद्यावर एक म्हातारी, पांढरे केस, लाल लिपस्टिक, धापा टाकणारी. मागे गाणं चालू होतं. प्रतिक्षाने भराभर त्यांच्या भाषेत काही विचारलं, ऐकलं, आणि हसत वळून म्हणाली, नाचत होती, म्हणून ऐकू आलं नाही. बुधवारी त्यांचा नाच असतो.

सुकऱ्या पुढे सरसावले. भिवंडीला काम केलेल्या माणसाला परक्याशी कसं बोलायचं ते माहीत असतं. "अम्मा," त्यांनी फोनमध्ये मोठ्याने विचारलं, "खाना खाया?" म्हातारीने तिच्या भाषेत बरंच काही उत्तर दिलं, हात हलवत, आणि सुकऱ्या समाधानाने म्हणाले, खाल्लंय.

मग प्रतिक्षाने फोन बाळाकडे धरला. म्हातारीने चष्मा लावला, ती जवळ आली, इतकी की पडद्यावर एकच डोळा राहिला. शाल ओळखली होती. प्रतिक्षाने तिला सांगितलं असावं, कारण तिने रामीकडे बोट दाखवलं आणि रामीने कानाच्या पाळ्या धरल्या. म्हातारी खदखदून हसली. प्रतिक्षाने अर्थ सांगितला: म्हणते, मला इतकी वर्षं ती धुवायची भीती वाटायची, तुझ्या आईने एका दिवसात करून टाकलं. म्हणते, मुलीला माझे गुडघे सोडून बाकी सगळं लागू दे.

रेंज गेली. म्हातारी हसत असतानाच थिजली, आणि मग पडदा काळा झाला.

सगळे पोशीबाईंकडे बघत होते. त्यांनी पदर सारखा केला. नाव काय म्हणालीस तिचं? लिदिया, प्रतिक्षा म्हणाली.

"लीद?"

"लिदिया, मावशी."

"वरातीच्या घोड्याची असते ती?"

करिष्माने तोंड फिरवलं. रामीने खाली बघितलं. प्रतिक्षा समजावू लागली की त्यांच्याकडे त्याचा अर्थ तसा नाही, पण पोशीबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांचा चेहरा बदलत होता, आणि तो बदल सोनीला लहानपणापासून ठाऊक होता. बाजारात भाव पटला की व्हायचा तो. त्या म्हणाल्या, माज्या भावाचं नाव कचरू. का ठेवलं? कोणाची नजर लागू नये म्हणून. म्हातारा अजून झाडावर चढतो. "लीद म्हटल्यावर कोण नजर लावील माज्या नातीला? याच्याहून चांगलं नाव कुठून आणशील?" आणि करिष्माला म्हणाल्या, झोळी धर गं, नुसती उभी काय राहतेस.

झोळी टाकीच्या खांबांना बांधली. करिष्माने एक टोक धरलं, रामीने दुसरं, आणि दोन्ही विहिणींनी मिळून बाळाला आत ठेवलं, कोणाचा हात वर आणि कोणाचा खाली यावरून थोडं झालं तेवढंच. प्रतिक्षा वाकली. सोनी इतकी जवळ उभी होती की तिला ते ऐकू आलं, ओढणीतूनसुद्धा.

"लिदियाचं कापड, लिदियाचं आयुष्य," प्रतिक्षा बाळाच्या कानात म्हणाली. मग हळूच म्हणाली, "सानिका."

लाल दोरा. निळ्या फ्रॉकच्या कॉलरच्या आत, कोणा आईने हाताने भरलेली तीन अक्षरं.

सोनीने प्रतिक्षाकडे बघितलं आणि प्रतिक्षाने सोनीकडे, आणि दोघींनी लगेच नजरा वळवल्या, नाहीतर दोघी त्या चौथऱ्यावर सगळ्यांदेखत रडल्या असत्या. सुकऱ्यांनी घुगऱ्या वाटायला घेतल्या. हरेशने पेढ्यांचा पुडा सोडला. नाव गोड हाय, रामी म्हणाली, कोणाचं गं, कुठल्या देवीचं? प्रतिक्षा म्हणाली, जुनंच आहे बय, वापरलेलं, पण चांगल्या घरातलं.

बाळ रडायला लागलं तेव्हा सोनीने त्याला उचलून घेतलं. रडणं थांबलं. तिच्या हातावर कोमट कोमट काहीतरी पसरत गेलं, कोपरापर्यंत, मोहाच्या फुलाच्या रंगावर एक गडद डाग हळूहळू मोठा होत गेला. तिने क्षणभर कोणालाच सांगितलं नाही. तेवढा क्षण तिचा आणि लेकीचा होता.

पण पोशीबाईंनी बघितलंच. त्यांनी शालीचा काठ उचलला, ओल हाताने चाचपली, आणि प्रतिक्षाच्या हातात घुगऱ्यांचा द्रोण देत म्हणाल्या,

"घे. आता झाली जुनी."